जाळीवरचा फोटो

"मग मला कधी, बाबा?"

हेमराजनं गाडीचं दार लावता लावताच विचारलं. गेले कित्येक दिवस हा प्रश्न त्याच्या जिभेवर घोळत होता आणि आज बाबा एकटे सापडले होते.

"काय कधी?" शेजारच्या सीटवरून अळणीबाबा म्हणाले.

"अनुग्रह."

बाबांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. सातपुड्याच्या माथ्यावरचं ते पठार नुकतंच उजळत होतं. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं.

"त्या बांगडीवालीला दिलात," हेमराज म्हणाला. "पहिल्यांदाच आली होती ती. टोपली खाली ठेवायच्या आत तिच्या कानात फुंकर घातलीत, मंत्र दिलात. आणि मी..."

"तू किती वर्षं येतोयस रे?"

"मोजली नाहीत कधी."

हे साफ खोटं होतं. त्यानं चांगली मोजली होती.

"द्यायला मी बसलोच आहे," बाबा म्हणाले. "तिथं कुणी असलं की देईन."

"तिथं म्हणजे कुठं?"

बाबांनी हनुवटी उचलून त्याच्याच छातीकडं दाखवलं.

"मी नाही का तिथं?"

बाबा पुन्हा बाहेर बघू लागले...

हेमराजला ते बोलणं चांगलंच झोंबलं. मीठ खात नाहीत म्हणून लोक त्यांना अळणीबाबा म्हणत, पण बोलणं कधीच अळणी नसे. मठ म्हणजे तरी काय, एक धुनी, तिच्यावर पत्र्याचं छप्पर आणि भोवती बसायला सारवलेली जमीन. ते पत्रे हेमराजनंच दिले होते. उपासाच्या दिवशी मठात वाटली जाणारी केळीही त्याचीच असत.

कारण हेमराज भारंबे म्हणजे रावेरकडचा केळीचा मोठा व्यापारी. कच्ची केळी पिकवायच्या त्याच्या बंद खोल्या होत्या आणि त्या खोल्यांतलं तापमान जागचं हलत नसे. हे तो कुणालाही पहिल्याच भेटीत सांगे, दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगे. त्याचे वडील घडाला हात लावून ऊब पाहायचे. हेमराजनं तो अडाणीपणा बंद केला होता. आता भिंतीवर सेन्सर होते आणि सेन्सर खोटं बोलत नाहीत.

आज तो आला होता तो बाबांना खाली शहरात डॉक्टरकडं न्यायला. खोकला हटत नव्हता. मठातल्या लोकांनी जीपगाडी ठरवली होती. हेमराजनं ती परत पाठवली.

"उघड्या जीपमधून नेणार बाबांना? या थंडीत? माझ्या गाडीत बसल्यावर बाबांना थंडी म्हणजे काय ते कळणारसुद्धा नाही."

बाबा घोंगडी पांघरून आले होते. ती घोंगडी धुनीच्या राखेनं माखलेली होती आणि गाडीच्या सीटा पांढऱ्याशुभ्र होत्या.

"घोंगडी कशाला, बाबा? आत चोवीस डिग्री असतं."

बाबांनी घोंगडी काढली, मठाच्या खुंटीला टांगली आणि पातळ कफनीवर गाडीत येऊन बसले. हेमराज स्वतः स्वेटर, त्यावर जाड जाकीट आणि कानटोपी घालून होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही.

गाडी चालू केल्यावर त्यानं हात जोडले.

शेजारी बसलेल्या बाबांना नाही. स्टिअरिंगच्या बाजूला, बरोबर नजरेसमोर, बाबांचा फोटो चिकटवलेला होता, त्याला. गाडीच्या पूजेच्या दिवशी स्वतःच्या हातानं चिकटवलेला फोटो होता तो. त्यावर अजून कुंकवाचं बोट आणि दोन तांदूळ होते. फोटोतल्या बाबांच्या अंगावर घोंगडी होती.

गाडीतल्या बाबांनी फोटोतल्या बाबांकडं एकदा पाहिलं...

गाडी मठाच्या वळणावरून बाहेर पडली.

"वारा कुठाय तुझ्या गाडीचा?" बाबांनी विचारलं.

"मुद्दाम थांबलीय ती, बाबा." हेमराजचा राग जरा निवळला. यंत्राबद्दल कुणी विचारलं की त्याचा राग फार टिकत नसे. "इंजिन अजून गार आहे. आत्ता पंखा जोरात सोडला तर गार वारा अंगावर येईल. इंजिन तापलं की ती आपण होऊन सोडते. आपण नुसतं सांगायचं, चोवीस. बाकी सगळं तिचं ती बघते."

"आधी स्वतः तापते म्हणतोस."

"हो."

"आणि मग ही ऊब आणते कुठून? कुठं काही जाळते का?"

"वेगळं काही नाही जाळत. इंजिन तापतं, त्याला गार ठेवायला पाणी फिरवतात. ते पाणी तापतं. त्याच्यावरून वारा घेऊन इकडं आत वळवायचा. नाहीतरी ती ऊब बाहेर फेकूनच द्यायची असते."

"तिला नको असलेली..." बाबा म्हणाले.

"हो."

"आणि आपल्याला हवी असलेली. वा!"

बाबांना खरोखर नवल वाटलं होतं. त्यांनी डॅशबोर्डवरून हलकेच हात फिरवला. हेमराजला ते पाहून बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं. एवढा मोठा पुरुष, आणि हीटरचं केवढं कौतुक!

तेवढ्यात वारा सुटला. पायांशी कोमट झुळूक आली.

"आली की नाही?"

"आली," बाबा म्हणाले.

पण पहिला घाट लागेपर्यंत ती गेलीही. वारा येत राहिला, पण त्यात ऊब नव्हती. बाबांनी हात काखेत धरले. मग खांदे जवळ घेतले.

"थंडी वाजते रे."

"वाजायला नको, बाबा."

"वाजते खरी."

"आकडा बघा ना. चोवीस."

बाबांनी वाकून आकडा पाहिला. निळ्या उजेडात तो छान ठसठशीत दिसत होता.

"आहे खरा चोवीस," त्यांनी मान्य केलं.

"मग?"

"मला थंडी वाजते."

"बाहेर दव दिसतंय ना, म्हणून तसं वाटतं. मनाचा खेळ असतो तो."

आयुष्य धुनीपुढं घालवलेल्या माणसाला आपण मनाचा खेळ शिकवतोय, हे हेमराजच्या ध्यानातही आलं नाही. घरीही तो हेच करत असे. त्याची बायको वनमाला भर मे महिन्यात गाडीत शाल घेऊन बसायची. गारठते म्हणायची. "आकडा बघ," हेमराज म्हणायचा. ती बिचारी आकडा बघायची आणि शाल आणखी घट्ट ओढून घ्यायची.

बाबांचे दात वाजायला लागले.

"थांबा, वाढवतो." त्यानं बटण दाबलं. "हे बघा, सव्वीस. हे अठ्ठावीस. आता तर काही तक्रार नाही?"

आकडा बदलला. वारा तसाच राहिला.

बाबांना खोकल्याची उबळ आली. या वेळी ती लवकर थांबेना. ते पुढं वाकले, त्यांचा हात डॅशबोर्डवर टेकला. हेमराज घाबरला. त्यानं गाडी कडेला घेतली, एका सालईच्या झाडाखाली थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"पाणी देऊ, बाबा?"

बाबांनी नको म्हणून मान हलवली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग ते म्हणाले,

"हा आकडा कुणाचा?"

"गाडीचा."

"म्हणजे गाडी आत्ता एवढी तापलीय?"

"हो. म्हणजे..." हेमराज अडखळला. यंत्राबद्दल त्याला खोटं बोलता येत नसे. "म्हणजे तसं नाही. हा आपण मागितलेला आकडा असतो."

"आणि असलेला?"

"तो ती दाखवत नाही."

"हं." बाबा त्या अठ्ठावीसकडं पाहत राहिले. "मी समजत होतो की मिळालेला आहे."

हेमराजही आजवर तेच समजत होता. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं त्यानं वाचलं होतं, पाठही होतं, पण इतके दिवस तो त्या आकड्याकडं बोट दाखवून बायकोला गप्प करत होता.

"मग तिला कळतं कसं?" बाबांनी विचारलं. "मला थंडी वाजते की नाही?"

"तिला कळतं, बाबा. त्यासाठी सोय असते."

"मला दाखव."

"एक बारीक जाळी असते. तिच्यामागं इवलासा पंखा. तो गाडीतली हवा थोडी थोडी आत ओढतो आणि मागं सेन्सर असतो तो ती हवा बघतो. आत माणसं किती, ऊन कुठून येतंय, दार उघडलं की काय, सगळं त्या हवेत येतंच. तिला गार लागली की ती हीटर वाढवते. गरम लागली की कमी करते. सारखी बघत असते. एक क्षणही थांबत नाही."

बोलता बोलता हेमराजचा आवाज पुन्हा भरात आला होता.

"म्हणजे नाकच की तिचं!"

"नाकच म्हणा."

"कुठाय?"

"ही काय, इथंच. स्टिअरिंगच्या बाजूला..."

त्यानं बोट पुढं केलं.

बोट बाबांच्या फोटोवर टेकलं.

...

हेमराजनं बोट मागं घेतलं नाही. त्याला ते घेता येईना. फोटोतले बाबा घोंगडी पांघरून त्याच्याकडं शांतपणे पाहत होते. शेजारचे बाबा कुडकुडत होते.

एकदा एका गड्यानं पिकवायच्या खोलीत भिंतीवरच्या सेन्सरला आपला सदरा अडकवला होता. खोली तापत गेली आणि सदऱ्याआडच्या सेन्सरला त्याचा पत्ताच नाही. घडच्या घड आतून उकडून निघाले. हेमराजनं त्या गड्याला सगळ्यांसमोर आडवातिडवा झाडला होता. "त्याला झाकलंस तर त्याला दिसणार काय? तुझा सदरा?" असं ओरडला होता. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं होतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ती... तिला हवा लागतच नाहीये." हेमराज म्हणाला. "फोटोमागं कोंडलीय ती. तिच्या शेजारून इंजिनच्या गरम पाण्याची नळी जाते. त्या नळीची धग तिला लागते. तिला वाटतंय, सगळी गाडी तापली. म्हणून तिनं हीटर बंद केला."

"म्हणजे ती काय मोजत बसलीय?"

"स्वतःच्याच पोटातली ऊब."

बाहेर गवतावर पहिलं ऊन उतरलं होतं.

"कधीपासून?"

"गाडी घेतल्यापासून, बाबा."

"आणि तू रोज तिला हात जोडतोस."

"तुम्हाला जोडतो," हेमराज पुटपुटला.

"काढ तो."

हेमराज दचकला. "फोटो?"

"मग काय, जाळी काढतोस?"

"बाबा, पूजेतला आहे. तुमचा चेहरा आहे त्याच्यावर. त्याला नख कसं लावू? आणि आजच्या दिवशी... आज मी तुमच्याकडं मागायला..."

"माझाच आहे ना चेहरा?"

"हो."

"मग मालकाची परवानगी आहे. काढ."

त्यानं फोटोच्या कोपऱ्याला नख लावलं. चिकटपट्टी पक्की होती. त्यानंच पक्की लावली होती, कधी निघू नये म्हणून. कोपरा सुटला, मग खांदा, मग घोंगडी. बाबांच्या चेहऱ्यापाशी आल्यावर त्याचा हात थांबला. त्यानं शेजारी पाहिलं. थंडीनं काळेनिळे पडलेले बाबांचे ओठ त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

त्यानं एका ओढीत फोटो काढला.

खाली जाळी होती. हाताच्या नखाएवढी. भोकांत गोंद आणि फोटोच्या कडेनं झिरपलेलं, वाळलेलं कुंकू जाऊन बसलं होतं. हेमराजनं रुमालानं गोंद पुसला. कुंकू निघेना.

"फुंकर मार," बाबा म्हणाले.

हेमराजनं कानटोपी काढली, वाकून तोंड जाळीजवळ नेलं आणि हलकी फुंकर मारली. लाल धूळ उडाली. त्यानं पुन्हा फुंकर मारली. मग का कोण जाणे, त्यानं कान जाळीला लावला.

आतून आवाज येत होता. अगदी बारीक. झोपलेल्या तान्ह्या पोराचा श्वास ऐकू यावा तेवढाच. पंखा फिरत होता. फोटोमागं, कुंकवामागं, अंधारात, तो इतके दिवस फिरतच होता. हवा मिळत नव्हती तरी ओढत होता.

हेमराजच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण कसल्या गोष्टीपुढं बसून गाडी चालवत होतो, हे त्याला माहीतच नव्हतं. पुस्तिका पाठ होती, आणि माहीत नव्हतं.

"ऐक ऐक," बाबा हळूच म्हणाले. "घाई नाही."

मग डॅशबोर्डच्या पोटात कुठंतरी एक झडप फिरली. टक. आणखी एक फिरली. वाऱ्याचा आवाज वाढत गेला, आणि गाडीला जणू एकदम सगळं कळलं. खालून, पायांच्या बाजूनं, दाट उबदार वारा सुटला.

"आहाहा," बाबा म्हणाले. त्यांनी पायाची बोटं हलवली.

हेमराजनं बोटांकडं पाहिलं. मग तो वाकला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते पाय धरले.

पाय बर्फासारखे गार होते.

घडाला हात लावायचं त्यानं बंद केल्यापासून त्याच्या तळव्यांना कशाची ऊब किंवा गारवा असा कळलाच नव्हता. आता तो एकदम कळला, थेट खांद्यापर्यंत.

"पाय किती गार आहेत, बाबा!"

"थंडीत असतात."

"आजच?"

"दर थंडीत. रक्त पोचत नाही आता तिथवर."

"पण मी तर दर वेळी पायांवर डोकं ठेवतो. दर वेळी!"

"कानटोपी असते ना रे डोक्यावर," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. राग असता तर हेमराजला सोसला असता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

त्याला धुनी आठवली. लोक गोल करून बसले की बाबा आधी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवत. मग कुणाला म्हणत, "ऊब लागते का?" कुणाला हाताला धरून जाळाजवळ घेत. कुणाला मागं सरकवत. हेमराजला नेहमीच मागं सरकवत. पत्रे ज्यानं दिले त्याला मागं, आणि कुठली कोण बांगडीवाली, ओल्या लुगड्यानं आलेली, ती थेट धुनीच्या कडेला! हेमराज ते मनात धरून बसला होता. आपल्या अंगावर स्वेटर आणि जाकीट असतं, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

इतकी वर्षं तो त्या नजरेसमोर बसला होता, आणि ती काय बघत होती हे आज कळत होतं. त्याला बाबांची भीती वाटावी इतका त्यांचा आदर वाटला.

त्यानं जाकीट काढलं. ते बाबांच्या खांद्यांवर घातलं, बटणं लावली. स्वेटर काढून त्यांच्या पायांवर टाकला. स्वेटरला पायांवरची धुनीची राख लागली, पांढऱ्या सीटलाही लागली. तो पाय चोळत राहिला. पोटऱ्यांपासून खाली, टाचेपर्यंत, मग एकेक बोट. गाडी तिच्या परीनं ऊब देत होती, तो त्याच्या परीनं.

खोकला थांबला होता. बाबांचे डोळे मिटले होते...

अनुग्रहाचं विचारायला हीच वेळ होती. बाबा एकटे होते, प्रसन्न होते आणि पाय हातात होते. हेमराजनं तोंड उघडलं.

"बाबा..."

"हं?"

"आता ऊब लागते का?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी हेमराजकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, धुनीपाशी पाहत तसं.

"लागते," ते म्हणाले.

"डाव्या पायाला कमी वाटते का? वारा तिकडं वळवू?"

"थोडा वळव."

त्यानं वारा वळवला. आकडा अजून अठ्ठावीसच होता. त्याकडं त्यानं पाहिलंही नाही. पुन्हा एकदा डाव्या पायाला हात लावून पाहिलं, मगच सरळ बसला.

ऊन आता रस्त्यावर आलं होतं. खाली दरीतलं धुकं विरत होतं आणि शहराकडचा रस्ता दिसायला लागला होता. फोटो हेमराजच्या मांडीवर पालथा पडला होता. निघायचं म्हणून त्यानं गियरकडं हात नेला, आणि त्याआधी रोजच्या सवयीनं त्याचे दोन्ही हात वर आले, जुळले, समोर गेले.

समोर फोटो नव्हता. नखाएवढी उघडी जाळी होती, तिच्या एका भोकाला अजून थोडं कुंकू होतं, आणि आत तो बारीक श्वास चालू होता.

हात अर्ध्यावर थांबले. तो ओशाळला. ते खाली घ्यावेत की काय, हे त्याला कळेना.

बाबा जाकिटाच्या गळ्यातून त्याच्याकडं बघत होते.

"कर की नमस्कार," ते म्हणाले. "आता तिथं कुणीतरी आहे."